आधी माणसं आत, मग दार बंद

पत्र:

ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून शांघायला आलो. मुलगा सात वर्षांचा, इथल्या चिनी शाळेत पहिलीत आहे. परवा त्याचा पेपर घरी आला. लिहिलेली अक्षरं सगळी बरोबर, सुबकसुद्धा. पण ‘या अक्षराची दुसरी रेघ कोणती?’ अशा प्रश्नांवर लाल फुल्या. ‘आग’ या अक्षराचा क्रम चुकला म्हणून रात्री तो रडत झोपला. मीही मोबाइलवर बघून बघून लिहायला शिकते आहे. माझी अक्षरं छान दिसतात, पण तोच मला म्हणतो, ‘आई, तू चित्र काढतेस.’ शेजारच्या जपानी काकू ‘राजा’ हे अक्षर वेगळ्याच क्रमाने लिहितात आणि आमचंच बरोबर म्हणतात. अक्षर दिसायला बरोबर असेल, तर आधी कुठली रेघ काढली याने काय बिघडतं? आणि छत्तिसाव्या वर्षी मी या फंदात पडावं का?
— एक आई, शांघाय

उत्तर:

आधी ती लाल फुली घेते, कारण तिच्यामागे काय घडलं असेल ते मला स्पष्ट दिसतंय.

पाण्याचं अक्षर, श्वेई, मधल्या उभ्या रेघेपासून सुरू होतं. आधी ती रेघ आणि तिच्या टोकाशी डावीकडे वळलेला छोटा आकडा, मग डावी बाजू, मग उजवी. ‘लहान’ म्हणजे श्याओ, तेही तसंच. मध आधी, बाजू नंतर, हा नियम पहिलीच्या मुलांकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतात. मग एक दिवस येतं ह्वो, म्हणजे आग. मध्ये पाय फाकून उभा असलेला माणूस आणि त्याच्या दोन खांद्यांशी दोन ठिणग्या, असं ते दिसतं. पाणी नीट शिकलेलं मूल इथेही मधल्या माणसालाच आधी उभं करणार. पण आगीत आधी डावी ठिणगी, मग उजवी ठिणगी, आणि त्यानंतर माणसाचे दोन पाय. म्हणून दुसरी रेघ म्हणजे उजवीकडची ठिणगी.

तुमचा मुलगा नियम पाळायला गेला आणि तिथेच चुकला. ही अभ्यास करणाऱ्या मुलाची चूक आहे. आज रात्री त्याला जवळ घेऊन एवढंच सांगा की पाणी मधून सुरू होतं आणि आग दोन्ही बाजूंनी. तो ते पुन्हा विसरणार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. काय बिघडतं?

माझं काय बिघडलं ते सांगते. मी चिनी शिकायला लागले तेव्हा जवळ एक पुस्तक होतं आणि त्यातली अक्षरं मी वर्षभर बघून उतरवली. वह्याच्या वह्या भरल्या. लोक कौतुक करायचे. नंतर बीजिंगमध्ये वर्गात बसले आणि पहिल्याच आठवड्यात थिंगश्ये झालं, म्हणजे आपलं श्रुतलेखन. बाई एक शब्द उच्चारायच्या, आम्ही लिहायचा, की पुढचा शब्द. चौथ्या शब्दाला माझा हात थांबला. अक्षर डोळ्यांसमोर होतं, पण पेन कुठे टेकवायचं ते कळेना. वर्षभर जी अक्षरं मी काढली होती, त्यांतलं एकही माझ्या हातात नव्हतं. मागच्या बाकावरून माझी वही पाहून बाई जे म्हणाल्या ते अगदी तुमच्या मुलाचंच वाक्य: हे तू लिहिलेलं नाहीस, काढलेलं आहेस. त्या दुपारी मीही रडले होते, आणि माझं वय सातपेक्षा बरंच जास्त होतं.

तुमची सही आठवून बघा. डोळे मिटूनही येते. आता तीच शेवटच्या अक्षरापासून उलटी करून पाहा. आकार तोच राहील, पण हात अडखळेल. सही आपल्याला चित्र म्हणून लक्षात नसते, हाताची चाल म्हणून लक्षात असते. एखाद्या अभंगाची मधलीच ओळ कुणी विचारली तर आपण मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणायला लागतो, तसं. चिनी लिहिणाऱ्याला अशी दोन-तीन हजार अक्षरं सांभाळायची असतात. प्रत्येक अक्षर दर वेळी वेगळ्या वाटेने काढलं, तर हाताला लक्षात ठेवण्यासारखं काही उरतच नाही. एकाच वाटेने वीस वेळा गेलं की पायवाट पडते. तुमच्या मुलाच्या तोंडचा बीशुन हा शब्द, रेघांचा क्रम, म्हणजे हीच पायवाट.

क्रमाचा दुसरा उपयोग बांधणीचा. खौ, म्हणजे तोंड, हे अक्षर चौकोनासारखं दिसतं. आपण चौकोन काढताना एकतर पेन न उचलता गोल फिरवतो, नाहीतर चार बाजू जोडतो. चिनी हात तीन रेघा ओढतो: डावी भिंत वरून खाली, मग छप्पर आणि उजवी भिंत मिळून एकच रेघ, कोपऱ्यात मोडून खाली आलेली, शेवटी तळ. ‘देश’ म्हणजे ग्वो. त्यातही आधी डावी भिंत, मग छप्परासकट उजवी भिंत, मग आतलं सगळं, आणि सर्वांत शेवटी तळाची रेघ. चिनी शाळेत याला म्हणतात, आधी माणसं आत, मग दार बंद. भिंती आधी उभ्या केल्या की आतल्याला किती जागा आहे ते कळतं. आतलं आधी लिहून नंतर त्याभोवती चौकट बसवायला गेलं, की एकतर आतलं चेंगरतं नाहीतर चौकट फुगते. तुमची अक्षरं छान दिसतात म्हणता, ती हळूहळू काढलेली असतात म्हणून. सावकाश काढताना डोळा सगळं सावरून घेतो, घाईत त्याला तेवढी सवड मिळत नाही.

घाईवरून तिसरी गोष्ट. रोजच्या वापरात माणसं सुटी-सुटी छापील अक्षरं लिहीत नाहीत. पेन न उचलता एका रेघेतून पुढच्या रेघेत जातात, आणि हे सांधे क्रमावर अवलंबून असतात. क्रम बरोबर असेल तर जोड कुठे पडणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं आणि गिचमिड अक्षरही उमगतं. क्रम चुकला की जोड भलतीकडे पडतो आणि अक्षर वाचता येत नाही. 1956 साली चीनने अक्षरं सोपी करण्याचा आराखडा जाहीर केला, तेव्हा काही सोपी रूपं थेट या धावत्या लिखाणातूनच उचलली. ‘पुस्तक’ म्हणजे शू, ते दहा रेघांवरून चारवर आलं. ‘गाडी’ सातावरून चारवर. शतकानुशतकं लोकांचे हात एकाच वाटेने धावत होते, म्हणून त्या धावण्यातून तयार झालेला आकार सगळ्यांना ओळखीचा होता.

आपली मोडी आठवते का? तिथे आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरं लिहीत जायचं. मोडी वाचणारी माणसंही हाताच्या चालीवरूनच अक्षर ओळखतात. बाळबोधीत मात्र आपण उलट करतो. शब्द लिहून होतो आणि मग शिरोरेघ येते. मराठी माणसाच्या चिनी अक्षरातली एक खोड इथूनच येते, ती मी कितीतरी विद्यार्थ्यांच्या हातात पाहिली आहे. ‘आकाश’ म्हणजे थ्येन, वर दोन आडव्या रेघा आणि खाली दोन पाय. आपला हात पाय आधी काढतो आणि झाकण शेवटी ठेवतो, कारण लहानपणापासून त्याला तीच सवय आहे. चिनीत वरचं आधी. तुम्ही लिहीत असताना मुलाला शेजारी बसवा आणि फक्त वरच्या आडव्या रेघेवर लक्ष ठेवायला सांगा. माझा अंदाज आहे, तुमच्या निम्म्या चुका तिथेच सापडतील.

शाळेबाहेर हा क्रम कुणी विचारतं का, असंही तुमच्या मनात असेल. विचारतं. चीनमध्ये नावांच्या याद्या पुष्कळदा आडनावातल्या रेघांच्या संख्येनुसार लावतात. संख्या सारखी आली तर पहिली रेघ कोणत्या जातीची आहे ते बघतात. जाती पाच आणि त्यांचा क्रमही ठरलेला: आडवी, उभी, डावीकडे निसटणारी, टिंब, मोडलेली. वांग आणि माओ या दोन्ही आडनावांत चार-चार रेघा आहेत. वांगची पहिली रेघ आडवी, माओची डावीकडे निसटणारी. म्हणून यादीत वांग आधी. ज्याला पहिली रेघ कोणती ते माहीत नाही, त्याला त्या यादीत स्वतःचं नाव शोधतानाही चाचपडावं लागेल. मोबाइलवर याच पाच जातींच्या पाच कळांचा एक कीबोर्ड असतो, रेघा क्रमाने दाबत गेलं की अक्षर समोर येतं. रोमन लिपीतून टाइप करणं जमत नाही अशा कितीतरी वयस्कर माणसांचं काम त्याच्यावर चालतं. पाच जाती लक्षात ठेवायला चिनी लोक एक अक्षर वापरतात, चा, अर्थ चिठ्ठी. ते लिहिताना पाचही जाती याच क्रमाने एकेकदा येतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते अक्षर दिवसभर लिहीत बसले होते.

जपानी काकूंचं म्हणाल तर त्या बरोबरच आहेत, आणि तुमच्या मुलाच्या बाईही. ‘राजा’ म्हणजे तीन आडव्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक उभी. चीनमध्ये आडवी, आडवी, उभी, आणि तळाची आडवी शेवटी. जपानमध्ये वरची आडवी, लगेच उभी, मग राहिलेल्या दोन. ‘डावा’ आणि ‘उजवा’ या अक्षरांची सुरुवात चीनमध्ये सारखीच, आडव्या रेघेने. जपानमध्ये ‘उजवा’ तिरक्या रेघेने सुरू होतो. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने 1958 मध्ये शिक्षकांसाठी क्रमाची पुस्तिका काढली, आणि आपण इथे न दिलेला क्रम चूक समजू नये असं त्यातच लिहून ठेवलं. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची पुस्तिका 1996 ची, तिचे काही क्रम आणखी वेगळे. चीनचा सध्याचा प्रमाण क्रम 1 मार्च 2021 पासून लागू झाला, त्यात 8105 अक्षरं आहेत. तुमचा मुलगा चिनी शाळेत आहे, तेव्हा त्याच्यासाठी हाच. काकूंशी वाद घालू नका. उलट त्यांना आणि मुलाला एकाच कागदावर ‘राजा’ लिहायला बसवा. दोन वाटांनी एकाच घरी पोचता येतं हे त्याला सातव्या वर्षी कळलं तर बरंच आहे.

मग पेपरातली ती फुली रास्त आहे का? खरं सांगू, सात वर्षांच्या मुलाला ‘अमुक अक्षराची तिसरी रेघ’ अशा प्रश्नांवर गुण कापणं मला पटत नाही. क्रम हातात असतो, तो तोंडी विचारला की हाताला येत असलेली मुलंही गोंधळतात. कितीतरी मोठी चिनी माणसं काही अक्षरं आपापल्या हातवळणाने लिहितात आणि त्यांचं कुठे अडत नाही. पण क्रम शिकवण्याचं वय हेच आहे. पहिल्या दोन वर्षांत चिनी मुलांना सुमारे 1600 अक्षरं ओळखायला आणि त्यांतली 800 लिहायला शिकवतात. हाताला एकदा लागलेलं वळण पुढे सोडवणं फार कष्टाचं असतं, ते मी भोगलंय. तेव्हा क्रम शिकू द्या, फुलीचं दुःख मात्र घरात वाढवू नका. त्याच्याकडून उत्तर पाठ करून घेऊ नका. ‘तिसरी रेघ कोणती?’ असं विचारलं तर बोटाने हवेत अक्षर लिहून तिसऱ्यावर थांबायला सांगा. चिनी वर्गात सगळी मुलं हात वर करून असं हवेत लिहितात, त्याला शूखोंग म्हणतात. परीक्षेत टेबलाखाली मांडीवर लिहिलं तरी चालतं.

आता तुम्ही. या फंदात जरूर पडा, पण मुलाच्या शर्यतीत उतरू नका. परदेशी लोकांना चिनी शिकवण्यासाठी 2021 साली जे निकष आले, त्यांत एकूण 3000 अक्षरं ओळखायला सांगितली आहेत आणि हाताने लिहायला फक्त 1200. त्यांतली पहिल्या टप्प्याची 300. बाकीची वाचता आली आणि मोबाइलवर उमटवता आली की झालं. दिवसाला तीन अक्षरं, आठवड्याचे पाच दिवस, या हिशेबाने 300 ला वीस आठवडे लागतात. आजारपण, पाहुणे, दिवाळी धरून सहा महिने म्हणा.

रोज पन्नास वेळा एकच अक्षर घोटत बसू नका. दहाव्या वेळेनंतर डोकं झोपी जातं आणि हात वरचं अक्षर बघून उतरवू लागतो, म्हणजे पुन्हा चित्रच. मी विद्यार्थ्यांना असं सांगते: क्रम दाखवणारी हलती आकृती एकदा बघा, दोनदा हवेत अख्ख्या हाताने लिहा, आणि लिहिताना रेघांची नावं मोठ्याने म्हणा. आडवीला हंग, उभीला शू, डावीकडे निसटणारीला फिए, उजवीकडे घसरत जाऊन शेवटी रुंदावणारीला ना, टिंबाला दिएन. ‘झाड’, म्हणजे मू, लिहिताना म्हणायचं हंग, शू, फिए, ना. मग कागदावर तीनदा बघून, आणि वही झाकून एकदा. न बघता लिहिलेलं ते एक अक्षरच खरी मेहनत. अडलात तर वही उघडायची आणि अडलेल्या रेघेपासून पुढे न जाता पहिल्यापासून लिहायचं. दुसऱ्या दिवशी नवी तीन अक्षरं घेण्याआधी कालची तीन न बघता.

कित्ता गिरवण्याला चिनीत म्हणतात म्याओहोंग: लाल छापलेल्या अक्षरावरून काळ्या शाईने गिरवायचं. पहिल्या महिन्यात ते जरूर करा, त्याने अक्षराची मापं बसतात. पण आपण धुळाक्षरं गिरवली ती कधीतरी पाटी पुसून स्वतः लिहिण्यासाठीच, तसं महिन्याभरात लाल अक्षर सोडा.

आणि सुट्या अक्षरांच्या मागे लागण्याआधी त्यांचे अवयव शिका. झाड, तोंड, सूर्य, पाणी, माणूस, स्त्री, हात. हे पंधरा-वीस तुकडे हातात बसले की नवं अक्षर परकं वाटत नाही. तुकडा अक्षरात शिरताना थोडं अंग चोरतो, तेही पाहा. ‘झाड’ एकटं असताना त्याची शेवटची रेघ उजवीकडे ऐसपैस पसरते. तेच झाड दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला येऊन उभं राहिलं की ती रेघ आखडून टिंबाएवढी होते, शेजाऱ्याला जागा मिळावी म्हणून.

याच्या सरावाला मी तुम्हा दोघांना एक नाव देते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांचं चिनी नाव ख दीह्वा. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ घेतलं. ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनह्वा, त्यात यिन म्हणजे भारत. ‘ख’मध्ये नऊ रेघा, ‘दी’मध्ये बारा, ‘ह्वा’मध्ये सहा. पहिल्या दोन्ही अक्षरांच्या डावीकडे तेच अंग चोरून उभं राहिलेलं झाड आहे, आणि तिसऱ्याच्या तळाशी अधिक चिन्हासारखा दहाचा आकडा: आधी आडवी, मग उभी. सत्तावीस रेघांत बहुतेक सगळे नियम येऊन जातात. हे नाव चीनमध्ये ओळखीचं आहे. मुलाने ते वर्गात फळ्यावर लिहून दाखवलं, तर बाईंना ते कुणाचं हे सांगायची गरज पडणार नाही.

एक विनंती आहे. हे सगळं त्याच्याकडून शिका. ‘आई, तू चित्र काढतेस’ म्हणणारं मूल शिकवायला तयार बसलेलं असतं. रोज रात्री दहा मिनिटं तो बाई होईल आणि तुम्ही पहिलीत. तुमच्या वहीवर त्याला लाल पेनाने फुल्या मारू द्या. न कुरकुरता.

वही घेताना थ्येनत्सग मागा. इथलं थ्येन म्हणजे शेत, आकाशाचं थ्येन वेगळं, आणि त्या वहीतली प्रत्येक चौकट बांध घातलेल्या शेतासारखी चार वाफ्यांत विभागलेली असते, मधल्या रेघा तुटक. मधल्या उभ्या रेघेवर ‘पाणी’ची पहिली रेघ बरोबर बसते. शिसपेन्सिल मऊ घ्या, आणि वह्या दोन घ्या.